जवळ म्हणजे नक्की किती?

नोकरीत होतो तेव्हा टेबलावर फायली साचायच्या, आता किस्से साचतात. फरक एवढाच, की किश्शांबद्दल साहेब केबिनमध्ये बोलावत नाही! मुलाकडे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आल्यापासूनचे माझे बहुतेक किस्से लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गातले. वर्ग मोफत, चहा मोफत, हजेरी उत्तम.

*

पहिल्याच दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, लायब्ररी जवळच आहे." चालत गेलो. वाटेत चपलेचा अंगठा तुटला.

संध्याकाळी तो चकित! "चालत कशाला गेलात? जवळ म्हणजे गाडीने!"

*

वर्गातला माझा जोडीदार योझे. मूळचा स्लोव्हेनियाचा, इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला. "उभा जन्म इथे काढलास, मग वर्गाला कशाला?" मी विचारलं.

"कारखान्यातलं इंग्रजी बायकांसमोर बोलता येत नाही, मेट!"

*

बाईंनी टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवून 'निअर' आणि 'नेक्स्ट टू' शिकवलं. योझेने लगेच मला त्याच्या भाषेत सांगितलं: जवळ म्हणजे ब्लिझू, अगदी शेजारी म्हणजे झ्रावेन.

"आणि गुड मॉर्निंगला?"

"ते नंतर. आधी बिस्कीट!"

ते राहूनच गेलं.

*

योझेची बायको मार्ता नर्सिंग होममध्ये. आजारात इंग्रजी विसरली, माहेरची स्लोव्हेनियन भाषा तेवढी उरली. योझे रोज दुपारी जायचा आणि पलंगासमोरची खुर्ची ओढून तिच्या शेजारी घ्यायचा. तो गेला की नर्स ती परत समोर ठेवायची. शेवटी नर्स दमली!

*

मग योझेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याचा चेहरा उतरला.

"अरे, गुडघ्याचं ऑपरेशन काय, सगळेच करतात," मी म्हणालो.

"गुडघ्याचं नाही रे. इतके दिवस दिसलो नाही, तर विसरेल ती मला."

मग त्या खुर्चीत मी बसू लागलो. भांडवल दोन शब्दांचं. मार्ता घाबरून विचारायची, "योझे?" मी म्हणायचो, "योझे ब्लिझू." लगेच ती शांत. योझेचं हॉस्पिटल ट्रेनने बरंच लांब होतं. पण इथल्या हिशोबाने मी खोटं बोललो नाही.

*

योझे परतला तो वॉकर घेऊन, दाढी करून, टाय लावून. मार्ताने त्याच्याकडे पाहिलं, परक्या पाहुण्याकडे पाहावं तसं. तो दारातच थांबला.

त्याचा चेहरा बघून तिलाच दया आली असावी. हात पुढे करून ती समजुतीने म्हणाली, "योझे ब्लिझू."

मी खुर्चीवरून उठलो. योझे बसला.

"झ्रावेन," तो म्हणाला.