रावजीच्या राजदूतचं मागचं चाक

पणदऱ्यात जुनी मोटारसायकल घेऊन आलेल्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. टपरीवरचा चहावाला गाडीकडे बघूनच हात करतो, "मानसिंग फिटर व्हय? सरळ जावा, कॅनॉलच्या अलीकडं." कॅनॉलच्या अलीकडे एक जुना गोठा आहे. म्हशी विकून आठ वर्षं झाली. गव्हाणी तेवढ्या राहिल्या, आणि त्यात आता येझदीचे मडगार्ड, बुलेटच्या टाक्या आणि कुठल्या गाडीची ते कुणालाच आठवत नाही अशी दोन-तीन हँडलं पडलेली असतात.

मानसिंग साखर कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यावर कुणी देवाला लागतं, कुणी राजकारणाला लागतं, मानसिंग जुन्या गाड्यांना लागला. हात सोन्याचा, पण जीभ तिखट. एखादं पोरगं म्हणालं, "सायलेन्सर जरा वाजणारा बसवा," की हा डोकं वर न काढता म्हणायचा, "तुझं लगीन ठरंना म्हणून गाडीनं का वरडायचं?" एकेक नट डिझेलमध्ये धुऊन तो घरातल्या स्टीलच्या ताटात मांडायचा. त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, ताटांवरून बरीच वर्षं भांडून पाहिलं आणि शेवटी दोन ताटं त्याला कायमची देऊन टाकली.

त्याच्या दोन खोडी मात्र गावात कुणाला उलगडल्या नव्हत्या. नट सुटू नये म्हणून त्याच्यातून एक बारकी पिन घालतात आणि तिचे दोन पाय फाकवतात. ही पिन बसवली की मानसिंग पक्कडीनं ती तीनदा ओढून बघायचा, हात पुसायचा, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. दुसरी खोड त्याहून विचित्र होती. तयार झालेल्या गाडीवर तो कधी बसायचा नाही. गाडी ढकलत रस्त्यापर्यंत आणायची, किल्ली मालकाच्या हातात द्यायची आणि माघारी फिरायचं. लोक हसायचे, म्हणायचे, हा कसला आचारी, भाजी चाखत नाही.

हसणारांना काय माहीत? एकवीस वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मानसिंगचा थोरला भाऊ रावजी बावड्याहून राजदूत घेऊन त्याच्याकडे आला होता. वडिलांची जमीन बावड्याला, ती रावजी बघायचा. मानसिंग नोकरीमुळे पणदऱ्याला राहिला होता. राजदूतचा मागचा ब्रेक नीट लागत नव्हता. मानसिंगनं संध्याकाळी अंगणात पोतं अंथरून चाक खोललं, ब्रेकचे नवे लायनर घातले, सगळं जिथल्या तिथं बसवलं. दोघे भाऊ जेवले, उशिरापर्यंत बोलत पडले. रावजीच्या उसाला तोड आली होती, म्हणून तो पहाटेच निघून गेला. उजाडल्यावर मानसिंगनं पोतं झटकलं, तर त्यातून एक पिन पडली. नवी कोरी.

ब्रेकची पट्टी धरणाऱ्या नटातली पिन होती ती. आपण ती घातली की राहिली, हे त्याला काही केल्या आठवेना. पिन नसली तर नट ढिला होत जातो आणि ऐन वेळी ब्रेक दगा देतो. पिन हातात घेऊन तो अंगणात उभा राहिला. नऊच्या सुमाराला निरोप आला. निमगाव केतकीजवळ रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती, राजदूत मागून तिच्यावर गेली, आणि रावजी जागेवरच गेला. पुढे गाडी सोडवायला मानसिंगच पोलीस ठाण्यात गेला. पंचनाम्यावर त्यानं एक ओळ वाचली: मागचा ब्रेक लागत नाही.

गाडी समोर उभी होती. चाक चिखलानं लिंपलेलं होतं. नुसतं वाकून बोटानं चिखल खरवडला असता, तरी पिन आहे की नाही ते दिसलं असतं. मानसिंग वाकला नाही. टेम्पोत घालून त्यानं गाडी बावड्याला नेली, वहिनीच्या शेडमध्ये लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. माणूस घेतलेली गाडी कोण विकत घेतंय? ती तिथंच राहिली.

त्या पिनेबद्दल मानसिंग कुणाशी बोलला नाही, छबूबाईशीही नाही. वर्षाच्या आत तो इंदापूरला गेला आणि बावड्याच्या जमिनीतला आपला हिस्सा वहिनीच्या नावानं सोडून आला. हक्कसोडपत्रावर त्यानं सही केली. आपल्या हातून घडलेल्या पापाला एवढं तरी करावं, असं त्याला वाटलं होतं. त्यानंतर बावड्याला जाणंच त्यानं सोडलं. आधी कारखान्याचा सीझन आडवा यायचा, मग ड्युटी, मग रक्तातली साखर, मग गुडघे. माणसाला न जायला कारणं कमी पडत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर गोठ्याच्या दारात एक पंचविशीची मुलगी येऊन उभी राहिली. "तात्या, मी निकिता. बावड्याची." बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आता बारामतीत बँकेत नोकरीला होती. चुलत्यानं नवी केलेली येझदी तिनं कुणाच्या तरी मोबाइलवर बघितली होती. "पप्पांची गाडी करून द्याल का? मला त्यांचा चेहरा न्हाय आठवत. टाकीवर बसल्याचं तेवढं आठवतं."

"आई काय म्हणली?" मानसिंगनं विचारलं.

"आई कायच म्हणली न्हाय. ताडपत्री मात्र तिनंच काढली."

नाही कसं म्हणणार? आठ दिवसांनी राजदूत पिकअपमधून गोठ्यात उतरली. मानसिंगनं काम सुरू केलं, आणि काम असं केलं की बघत राहावं. गंजलेलं इंजिन खोलून पिस्टन सोडवला, कार्ब्युरेटरची भोकं केसासारख्या तारेनं साफ केली, टाकीचा पोचा आतून ठोकून काढला, मूळचा लाल रंग मिळावा म्हणून बारामतीच्या पेंटरकडे चार खेपा घातल्या. पुढचं चाक झालं, दिवा झाला, सीट झाली. मागच्या चाकावर मात्र पहिल्या दिवशी टाकलेलं पोतं तसंच होतं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, पार्ट मिळत नाहीत. दोन महिने असे गेले. अर्धी गाडी नवरीसारखी, आणि मागच्या बाजूला एकवीस वर्षांचा चिखल.

छबूबाई एवढी वर्षं त्याच्या ताटांशी भांडली, पण तिला नजर होती. एका सकाळी चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्या पोत्याखाली काय हाय, त्ये एकदा बगा तरी. मला तुमचं त्वांड बगवत न्हाय आता."

तो उठला. पोतं काढलं आणि गुडघे कुरकुरत असताना चाकाशेजारी बसला. चिखल दगड झाला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं तो पापुद्र्या-पापुद्र्यानं काढला. नट दिसला. नटाच्या कडेला गंजलेलं काहीतरी दिसलं. त्यानं डिझेलचा बोळा फिरवला.

पिन जागेवर होती. एक पाय वर वळवलेला, एक खाली दाबलेला. कारखान्यात त्याच्याशिवाय कुणी तशी पिन वळवत नव्हतं. नट हलत नव्हता. ब्रेकची सळई मात्र मागच्या पायदानाजवळ तुटली होती, आणि ते पायदान चेमटून तिच्यावर बसलं होतं. म्हणजे ब्रेक धडकेनंतर गेला होता, आधी नाही. मग पोत्यातली ती पिन? आत्ता त्याला आठवलं, दुकानदारानं जोडी दिली होती. ती सुट्टी विकतच नाहीत.

गोठ्यातूनच त्यानं छबूबाईला हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. "एवढं पोटात घिऊन जेवत हुता व्हय माझ्या म्होरं बसून?" ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "जाऊबाईंना सांगून या. आजच जावा."

बारामतीहून इंदापूर, इंदापूरहून बावडा. एसटीत खिडकीशी बसून मानसिंग मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. निमगाव केतकी आलं तेव्हा या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. छातीवरची धोंड उतरली होती, आणि खरं सांगायचं तर वहिनीला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं.

जयवंतावहिनी पडवीत सुपात तुरी निवडत होती. केस पांढरे झाले होते. दिराला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि "भावजी?" एवढंच म्हणाली. मानसिंग बसलाही नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं: पिन, पंचनामा, चिखल, तुटलेली सळई. "वयनी, ब्रेक चांगला हुता. माझ्या हातनं काय चुकलं न्हवतं."

"कसली पिन?" तिनं विचारलं.

त्यानं परत सांगितलं. तिचा हात सुपात थांबला.

"म्हंजी, तुमचं दादा तुमच्या हातनं ग्येलं असं वाटत हुतं तुमाला?"

"व्हय."

"आन म्हणून आला न्हाय तुमी? एकवीस वर्सं?"

मानसिंगनं नुसती मान हलवली.

"मला ब्रेक ठावा बी न्हवता, भावजी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "धुकं हुतं, ट्रॉली हुती, माणूस ग्येला. तुमच्यावर घालायचं माझ्या सपनात आलं न्हाय. गाव मला पांढऱ्या पायाची म्हणत हुतं. मला वाटलं, तुमी बी त्येच म्हणताय. वरीस व्हायच्या आत तुमी जमिनीवरचं तुमचं नाव काडलं. मी म्हणलं, झालं, दिरानं बी नातं तोडलं. आमाला जमीन नगं हुती. निकिताला साळंत घालायला कुणीतरी घरचं माणूस पायजे हुतं. ती तापानं फणफणली तवा दवाखान्यात न्यायला पायजे हुतं. दर दिवाळीला ती इचारायची, आपल्याला कुणीच कसं न्हाय? काय सांगायचं मी?"

मानसिंगनं पडवीचा खांब धरला. चिखल खरवडून तो आपली सुटका घेऊन आला होता, आणि इथं त्याच्यावर तो आरोप कुणी केलाच नव्हता. ज्या गोष्टीचा तो खरोखर दोषी होता, ती एकवीस वर्षांत एकदाही त्याच्या मनात आली नव्हती. हक्कसोडपत्राची सही त्यानं पुण्याईच्या बाजूला मांडून ठेवली होती. त्या सहीनं या घरातली दोन माणसं उघडी पडली होती.

"वयनी, चुकलं," तो म्हणाला. पुढचं त्याला बोलता आलं नाही. तो खांबाला टेकून खाली बसला आणि त्याला रडू फुटलं. रावजी गेला तेव्हा तो रडला नव्हता, भीतीनं त्याचे डोळे कोरडेच राहिले होते. आता भीती उरली नव्हती. दादा गेलेला होता, तो कधी येणार नव्हता, एवढंच उरलं होतं, आणि ते साठी उलटलेल्या त्या माणसाला सोसवेना. तो लहान पोरासारखा मोठ्यानं रडला.

जयवंतावहिनीनं त्याला रडू दिलं. मग सूप बाजूला सारून ती त्याच्यासमोर जमिनीवर येऊन बसली.

"आत्ता रडताय व्हय, भावजी?" ती म्हणाली, आणि तिचाही आवाज फाटला. "मला तवा पायजे हुतं कुणीतरी, संगं रडायला."