पडद्याची डावी कड

‘डावीकडं बघा मॅडम. खून सोडा, डावीकडं बघा.’

एवढं म्हणून ते खुर्चीच्या कडेला सरकत आणि मान वाकडी करून टीव्हीच्या बाजूने डोकावत, जणू काचेच्या आड उरलेला सिनेमा दडवून ठेवला आहे.

मुलांनो, हे गृहस्थ आमच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते आणि मी तिथे ग्रंथपाल. उंची भरपूर, मिशी त्याहून भरपूर. या दोन गुणांवर त्यांना एका हिंदी खूनपटात हवालदाराचं काम मिळालं होतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गंगापूरकडे, त्यांच्या सासुरवाडीजवळ, नदीचं पात्र इतकं कोरडं पडलं होतं की प्रेत टाकायला सिनेमावाल्यांना ते फार पसंत पडलं. खून मात्र मुसळधार पावसात व्हायचा होता, म्हणून टँकर मागवले. पाऊस दिग्दर्शकालाही हवा होता आणि मराठवाड्यालाही, मिळाला दिग्दर्शकाला. टँकर आल्याचं कळताच गावातल्या बाया घागरी घेऊन धावल्या. सुटीवर सासुरवाडीला गेलेल्या या जावयाला खाकी चढवून त्यांना अडवायला उभं केलं.

‘डबल ड्युटी, मॅडम,’ ते सांगत. ‘शिनेमात बी हवालदार अन् शूटिंगला बी हवालदार.’

सिनेमा आपल्या शहरात एकच आठवडा टिकला. त्यांनी तो तीनदा पाहिला. बायको तान्ह्या मुलामुळे जाऊ शकली नाही, मेहुणे वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये अडकलेले. कॅसेट येईलच, म्हणून ते निर्धास्त होते.

कॅसेट आली. थिएटरचा पडदा आडवा लांब, टीव्ही चौकोनी; कॅसेट करणाऱ्यांनी चित्राच्या दोन्ही कडा छाटून टाकल्या होत्या. डाव्या कडेचे हवालदार त्यात गेले. उरलं ते एक खाकी कोपर.

‘दाजी, कोपरानं काम लई भारी केलंय,’ धाकटा मेहुणा म्हणाला. ‘पुढच्या पिच्चरला गुडघ्याला घ्या म्हणावं.’

त्या वेळी बायको हसली नाही. रात्री ताट वाढताना तिने हळूच विचारलं, ‘खरंच होताव का हो तुम्ही त्याच्यात?’ हे मात्र त्यांना लागलं. मेहुण्याची थट्टा त्यांनी कधी मनावर घेतली नाही, पण बायकोला एकदा दाखवायचंच, हे तेव्हापासून ठरलं.

मग चांगल्या प्रतीचा शोध सुरू झाला. क्रांती चौकातल्या व्हिडिओवाल्याला ते नट कोण, गोष्ट कशी, काही विचारत नसत. डावी बाजू पूर्ण आहे का, एवढंच. पुढे सीडी आली. तिच्यात सगळ्यांचे चेहरे भोपळ्याच्या रंगाचे, पाऊस लागला की नुसते ठोकळे, आणि अंधार असा की खुनी कोण हे शेवटी सांगूनही कळेना. केबलवर लागला तेव्हा कोपरावर साबणाची जाहिरात बसली होती. तोवर चौकात उड्डाणपूल आला, व्हिडिओवाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. नळाचं पाणी तेवढं चार दिवसांआडच राहिलं.

शेवटी तुमच्या बाबांना तिकडे डिस्क मिळाली, परदेशातल्या भारतीयांसाठी काढलेली. वरखाली काळ्या पट्ट्या आणि मध्ये आख्खं चित्र. गंगापूरची नदी नीट पाहायची तर अमेरिकेतून मागवावी लागते, हे मला तेव्हा कळलं. बाबा सुट्टीवर आले तेव्हा आमच्या डीव्हीडीच्या यंत्राने ती परदेशी डिस्क नाकारली. बाबांनी मग लॅपटॉप टीव्हीला जोडला. आमच्या हॉलमध्ये आमचे हवालदार, त्यांच्या पत्नी आणि धाकटा मेहुणा बसले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पाऊस लागला, प्रेत दिसलं आणि डावीकडे ते. मिशीचे केस मोजता यावेत इतके स्वच्छ. ते आमच्या तोंडांकडे पाहू लागले. पण हवालदारामागे बायांची रांग होती. त्यांतली एकही प्रेताकडे पाहत नव्हती. सगळ्यांचे डोळे टँकरच्या गळक्या नळीवर.

‘थांबवा,’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या. बाबांनी चित्र थांबवलं. ‘आई हाय ती.’

मेहुणा उठून टीव्हीपाशी गेला. ‘व्हय की. आईच.’

शूटिंगनंतर वर्षभरात या बहीणभावांची आई गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

हवालदारांनी आपली खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मग म्हणाले, ‘तीनदा पाहिला मी थेटरात. माझ्या पाठीमागंच होती. नाय दिसली.’

‘तुम्ही बी दिसताव बरं का,’ पत्नी म्हणाल्या. डोळे टीव्हीवरच होते.

त्या चित्राचा फोटो करून घ्यायला मी त्यांच्याबरोबर स्टुडिओत गेले. फोटोवाल्याने ते कॉम्प्युटरवर मोठं केलं, इकडून तिकडून सरकवून पाहिलं. ‘काका, हवालदार ठेवला तर आजी बारीक येत्यात. काय करू?’

त्यांनी चष्मा पुसून एकदा नीट पाहून घेतलं.

‘कापा,’ ते म्हणाले. ‘हवालदाराचं काय काम तिथं?’

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गंगापूरकडच्या घरात तो फोटो मी पाहिला आहे. बाईंच्या कडेवर रिकामी घागर, डोळे पाण्यावर. शेजारी कुणी नाही.