स्वप्न ओळखण्याची खूण

उशाशी वही ठेवून झोपतो, त्याला महिना झाला. जाग आली की न हलता स्वप्न आठवायचं आणि लगेच लिहायचं. हळूहळू स्वप्नातच कळायला लागतं म्हणे, की हे स्वप्न आहे. आज मला पहिल्यांदा कळलं. आई उंबऱ्यात बसून मोठ्यानं पेपर वाचत होती, तेवढ्यावरून ओळखलं.

घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते मिरवतोही. आईला अक्षर शिकवायला मात्र कधी सवड झाली नाही.

चहा देताना तिनं विचारलं, "आज काय सपान पडलं रं? वहीतलं वाच की."

"आठवत नाही."

"एवढा शिकलास, अन् सपान ध्यानात राहीना व्हय!" ती हसली.

मी घाईनं वही मिटली. उघडी राहिली असती तरी काही बिघडणार नव्हतं.