अक्कांची जेडव्वा

कुणी पोपट पाळतं, कुणी मांजर. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, बसव्वाअक्कांनी, कोळी पाळला. छताला जाळं लावून बसतो तो नव्हे. तळहाताएवढा, अंगभर केस असलेला, जमिनीत बीळ करून राहणारा. अख्ख्या सोलापुरात असं येडं धाडस दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची भारी ऐट वाटायची.

पण आधी अक्कांचं सांगते. त्यांचे मालक मडिवाळप्पा भाऊजी मार्केट यार्डात तोलार होते, पोती वजन करायचे. मोठा दुष्काळ सरला त्या साली, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून अक्कांचं बोलणं आटलं. 'मीठ दे', 'दार लाव', बस्स. आधी हीच बाई बोलायला लागली की माझी दुपारची भांडी संध्याकाळी घासून व्हायची. आता दिवसभर कडक भाकऱ्या थापून विकायच्या आणि भिंतीकडं तोंड करून निजायचं. दोन वर्षं मी एकटीच बडबडत होते.

मग दुधनीच्या माझ्या माहेराहून चुलीसाठी तुराट्यांच्या मोळ्या आल्या. एक मोळी सोडली आणि तो प्राणी अक्कांच्या पायाशी धपकन पडला. मी ओट्यावर चढले. आमचे 'हे', म्हणजे सिद्धाराम (लिहायला हरकत नाही, तोंडानं मी नाव घेत नाही), पायताण घेऊन धावले. अक्कांनी परात उचलून त्याच्यावर पालथी घातली.

"मारू नगा," त्या म्हणाल्या. "बाई हाय ती. आपल्या दारात आलीया, राहू द्या की."

एवढं लांब बोलणं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. यांच्या हातातलं पायताण तसंच खाली आलं. बाई कशावरून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. कन्नडात कोळ्याला जेड म्हणतात, म्हणून तिचं नाव पडलं जेडव्वा.

यांनी रॉकेलच्या डब्याची एक बाजू कापून तिथं काच बसवली, वर जुन्या चाळणीची जाळी. आत माती, फुटक्या पणतीत पाणी. जेडव्वा तीन-चार दिवसांत बीळ करून तोंडाशी पांढरं अस्तर विणून मोकळी झाली. खाण्याचा मात्र पेच पडला. आमचं घर लिंगायताचं, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. अक्कांनी दूध ठेवलं, शेंगाचटणी ठेवली, भाकरीचा चुरा ठेवला. जेडव्वा ढुंकून बघेना. एके दिवशी एक झुरळ आपण होऊन फटीतून आत शिरलं. पुढचं इतक्या झटक्यात झालं की मी ओरडायचंच विसरले.

"तंगी, बघितलंस का?" अक्का काचेला नाक लावून म्हणाल्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण. पूर्वी त्या मला तशीच हाक मारायच्या.

मग त्यांनी तोडगा काढला. झुरळ धरायचं, मारायचं नाही, नुसतं डब्यात सोडायचं. "मी कुटं मारतीया? मी फकस्त दार उघडतीया." सोमवारी अक्कांचा उपास, म्हणून जेडव्वालाही उपास. गल्लीतली माणसं काडेपेटीतून झुरळं आणायला लागली, भाकरी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं काचेपुढं खोळंबायला लागली. ती कधी बाहेर येते, कशी दबा धरते, सगळं अक्का हातवारे करून सांगायच्या. माझे कान किटले. मी देवाला म्हटलं, किटू दे.

दसऱ्याच्या सुमारास जेडव्वानं खाणं सोडलं. अंग काळवंडलं. तिच्याबरोबर अक्काही गप्प व्हायला लागल्या. एका सकाळी ती मातीवर उताणी पडलेली दिसली, पाय वर, हालचाल नाही. अक्कांचा चेहरा भाऊजी गेले त्या दिवसासारखा झाला. कोळी गेल्याचं मला काही नव्हतं, पण अक्का पुन्हा हरवल्या असत्या तर मला सोसलं नसतं.

"मोरीत टाकून येतो," हे म्हणाले.

"आपल्या घरात गेली. आपल्यावानी माती द्यायची," अक्का म्हणाल्या.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसतं करून, विभूती लावून, बेल वाहून पुरतात. अक्कांनी जास्वंदीखाली खड्डा केला, जेडव्वाला अलगद सुपात घेतलं. घरात बेल नव्हता, तो आणायला हे सायकलवर गेले. अक्का तिला बसती करायला हात घालत होत्या, मी अडवलं. "बेल येऊ द्या की अक्का. सगळं रीतीनं करू." मला नुसता वेळ काढायचा होता.

सुपाच्या दोन बाजूंना दोघी बसलो. गिरणीचा भोंगा झाला. आणि एक पाय हलला. वारा असेल म्हणून मी सुपाला पदराचा आडोसा केला, तर पुन्हा हलला. मग कवच कडेनं उकललं. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. आतून पांढुरकी, ओली जेडव्वा एकेक पाय ओढून काढत होती, घट्ट बांगडीतून हात काढावा तशी. हे बेल घेऊन आले ते सायकल धरून तसेच उभे राहिले. शेवटी सुपात एक पोकळ कात पडली होती आणि शेजारी तिच्याहून मोठी जेडव्वा, दमलेली, जिवंत. मी अंगणात उड्या मारल्या. हे मला हसत सुटले.

अक्का हसल्या नाहीत. माझं मनगट त्यांनी पुन्हा धरलं.

"तंगी, मालकांना दुपारी असं बघितलं आन् सांजच्याला माती दिली. आपण घाई तर केली न्हाय?"

दोन वर्षं ही बाई काय गिळून बसली होती ते मला तेव्हा कळलं.

"न्हाय अक्का. डॉक्टर दोनदा बघून गेले. मी सोता त्यांच्या पायाला हात लावला हुता. गार पडला हुता."

"तू लावला हुतास?"

"व्हय."

"मला बायकांनी आतच बसवून ठिवलं," अक्का म्हणाल्या आणि मोठ्यानं रडल्या. मी रडू दिलं. रडून झाल्यावर त्यांनी भाऊजींच्या पायांची गोष्ट काढली. केवढे मोठे पाय, मापाचं पायताण कधी मिळालं नाही, लग्नात दुसऱ्याचं घालून कसे लंगडत आले. मी मधेमधे विचारत राहिले, ती संपू नये म्हणून.