आमच्या साडूंचं अर्धं ताट

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस लातुरात नाही, नांदेडात नाही, आणि मधल्या अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावरही कुणी सापडेल असं मला वाटत नाही. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे भित्री माणसं पुष्कळ पाहिली. तपासणीच्या आदल्या दिवशीचे मुख्याध्यापक पाहिले. पण साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की ती भीती संपते. साडूंच्या भीतीला सुट्टी नसते. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागचंच बाकडं धरतात; कारण ड्रायव्हरला डुलकी लागली तर निदान एक माणूस जागा असला पाहिजे. मग लातूरपासून ते त्याच्याशी ऊस, पाऊस, पोरींची लग्नं अशा सगळ्या विषयांवर बोलत राहतात, मधूनमधून सुपारीचं खांड पुढं करतात, आणि नांदेडला उतरल्यावर स्वतः पेंगत पेंगत आमच्या घरी येतात. आल्या आल्या विचारतात, "सर, परतीची गाडी दिवसाउजेडी हाय न्हवं?"

गंजगोलाईच्या एका रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते ऐन तरुण होते. त्यानंतर लातुरात घरोघरी लोक फडताळावर पेल्यावर पेले रचून ठेवत. जमीन हलली की पेले पडणार, आवाज होणार आणि सगळे बाहेर पळणार. पुढे बाकीच्यांनी आपापले पेले उतरवून घेतले. साडूंनी उतरवले नाहीत. दुकान भांड्यांचं, त्यामुळे पेल्यांना तोटा नव्हताच. उलट दर दिवाळीला त्या मनोऱ्यात एकदोन नव्या पेल्यांची भरच पडायची. एकदा आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना दुपारच्या वेळी मांजरानं फडताळावर उडी मारली. साडू दाढी करत होते. ते अर्धी दाढी आणि गळ्यातला टॉवेल घेऊन सगळ्यांच्या आधी रस्त्यावर पोचले. तिथं वळून बघतात तर अक्का नाही. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. साडू एवढे भित्रे, पण तसेच पुन्हा घरात शिरले. आत अक्का शांतपणे तव्यावरची भाकरी उलटत होती. "पळ की गं!" हे ओरडले. ती म्हणाली, "भाकर करपंल की. तुम्ही व्हा म्होरं." शेवटी साडूंनी भाकरी, उलथणं आणि अक्का अशा तिघांना ओढत रस्त्यावर आणलं. फडताळावर बसून मांजर हा सगळा प्रकार बघत होतं.

अशा माणसाला एका गोष्टीची मात्र कधीच भीती वाटली नव्हती, ती म्हणजे अन्नाची. ताटासमोर बसलेले साडू म्हणजे निराळाच माणूस. वेळा अमावास्येला, आमच्याकडच्या येळवसेला, सगळं लातूर आपापल्या शेतात जेवायला जातं आणि दिसेल त्याला हाक मारून बसवतं. त्या दिवशी साडू आणि त्यांचे थोरले भाऊ सकाळीच निघायचे. हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, वरून मडक्यातलं आंबट गार आंबील. एका शेतातून उठले की दुसऱ्या शेतातून हाक यायचीच, आणि ह्या दोघांनी कुणाची हाक मोडली असं कधी घडलं नाही. संध्याकाळी दोघं भाऊ बैलगाडीत आडवे पडून घरी यायचे. कुणी काही बोललं तर थोरले म्हणायचे, "खाऊन मेलेला मानूस दावा मला एक."

मग थोरल्यांच्या करंगळीला चप्पल चावली. जखम भरेना. बोट काळं पडल्यावर कळलं की साखर कित्येक वर्षांची आहे. आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, आणि एका उन्हाळ्यात थोरलेच गेले. सगळं उरकल्यावर साडू पहिल्यांदा घरच्या ताटावर बसले तेव्हा मी शेजारीच होतो. वरणभात होता, त्यावर तूप होतं, बाजूला शेंगाची चटणी. ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मांजर, भूकंप, एसटी यांच्या वेळची त्यांची भीती मला माहीत होती, तिला मी हसायचोही. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मला हसू सुचलं नाही. हळूच म्हणाले, "सर, आमी दोघं एकाच ताटात जेवून वाढलाव. जे त्येनं खाल्लं तेच मीबी खाल्लंय."

आम्ही त्यांना तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "काठावर आहे. घाबरू नका, पण आजपासून जेवण निम्मं करा, पालेभाजी वाढवा, गोड बंद करा, रोज चाला." घाबरू नका एवढं सोडून साडूंनी सगळं ऐकलं. चालायचं ठरलं, पण रस्त्यावर कुत्री, म्हणून ते गच्चीवर गोल फिरू लागले. मग चक्कर येईल अशी भीती वाटून उलट बाजूनं फिरू लागले. खाण्याची सुरुवात महादेवाचा वार म्हणून सोमवारी करायचं ठरलं. सोमवारी त्यांचा उपास असतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे निरोगी आहाराचा पहिला दिवस शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि केळी ह्यांवर साजरा झाला. मंगळवारपासून मोबाईलनं सूत्रं हातात घेतली. कुणी कळवलं की भात वाईट, भात गेला. कुणी कळवलं की गहू वाईट, पोळी गेली. कारल्याच्या रसानं तोंड इतकं कडू झालं की गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमेना. एकदा सकाळीच मला फोन आला, "सर, दोडक्याविषयी काई वाईट ऐकलंय का तुमी?" मी म्हटलं नाही. "मंग खायलोय दोडका. पण ऐकलं तर लगेच कळवा."

शेवटी ह्या सगळ्या गोंधळातून एकच नेम टिकला, तो म्हणजे निम्म्याचा. तोही त्यांनी आपल्या पद्धतीनं पाळला. अक्काच्या हाताला माप ठरलेलं; ती जसं आजवर वाढत आली तसंच भरून वाढायची. साडूही कमी वाढ म्हणायचे नाहीत, कारण वाढणाऱ्या हाताला अडवू नये अशी त्या घराची रीत. ते बोटानं ताटाच्या मधोमध एक रेघ ओढायचे, अलीकडचं खायचे आणि पलीकडचं तसंच सोडून उठायचे. अर्धी भाकरी, अर्धा भात, अर्धी भाजी. सणाला पुरणपोळी आली की ती अख्खीच पलीकडे जायची. उठताना सुटका झाल्यासारखं म्हणायचे, "आज बी वाचलो."

आणि मग अक्का जेवायला बसायची. यांचं झाल्याशिवाय ती कधी बसली नाही, आणि बसली ती यांच्याच ताटात. तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, जेवून झालं की ताट धुऊन ते पाणी पितात. शीतसुद्धा मोरीत जाऊ देत नाहीत. तिथं अर्धं ताट टाकून द्यायचं ही गोष्ट तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं. ती रेघेपलीकडचं सगळं संपवायची, त्यावर आपलं वाढून घ्यायची, वर पुरणपोळी. हसून आम्हाला सांगायची, "यांचं निम्मं आन् माझं पुरं. दीड मानसाचं जेवन व्हायलंय बगा माझं!" आम्ही सगळे हसायचो. साडूही हसायचे. ती थोडी जाड झाली आणि सारखं पाणी प्यायला लागली, पण लातूरचा उन्हाळा म्हटल्यावर पाणी कोण पीत नाही?

पुढच्या तपासणीचा दिवस आला तसे साडू दुकानात लक्ष देईनासे झाले. मला बायकोसकट नांदेडहून बोलावून घेतलं. म्हणाले, "वाचायला कुनीतरी शिकलेलं पायजे. माझे डोळे ऐन वक्ताला दगा देतेत." दवाखान्यात सुई बघितल्यावर त्यांनी बाही वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग एकदम अक्काकडे बोट दाखवून म्हणाले, "अगोदर हिचं घ्या. हिला काई झालं न्हाई तर मंग माझं." अक्का म्हणाली, "मला काय झालंय? माझं कशाला?" पण नवऱ्याला धीर यावा म्हणून तिनं हात पुढं केला. सुई टोचताना ती यांच्याकडे बघून हसत होती. मग यांनी डोळे मिटून, शिवशिव म्हणत आपलं रक्त दिलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद पुढं ठेवले आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमची साखर छान आहे. काठावरून मागं आलाय तुम्ही." साडूंनी माझा हात घट्ट धरला. मग बाई अक्काकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "काकू, तुमची मात्र खूप वाढलीय. उद्यापासून गोळ्या सुरू करायच्या. कधी तपासलं नव्हतं का?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आणि आमचे साडू, ज्यांनी वर्षभर रोज रात्री आपल्याला साखर नसू दे म्हणून महादेवाला विनवलं होतं, ते खुर्चीतून उठले. "बाई, नावं उलटी पडली असतील. एकापाठोपाठ रगत घेतलं न्हवं का? ते माझं हाय. ते वाढलेलं माझं हाय. हिला कशाची साखर हुईल? ही काय खाते?"

बाईंनी शांतपणे अक्कालाच विचारलं, "तुम्ही काय खाता, काकू?"

"यांचं झालं की मी बसते," अक्का म्हणाली. "ताटात ऱ्हातंय ते खाते. मंग माझं."

साडू खाली बसले. बाई पुढं बरंच काही सांगत होत्या. हे एका दिवसाचं दुखणं नाही, घरातलं माणूस आधी तपासायला हवं होतं, पण अजून वेळ गेलेली नाही, दोघांचं जेवण आता एकच असायला पाहिजे, कमी शिजवा म्हणजे उरायचं नाही. मी ऐकत होतो. साडू अक्काच्या पायांकडे बघत होते. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, त्याला तिनं दोरा बांधला होता. तो दोरा करंगळीला घासत होता. मला तिथं त्यांच्याइतकीच भीती वाटली, हे कबूल करतो.

घरी जाताना त्यांनी रिक्षा आधी चपलांच्या दुकानापाशी थांबवली आणि मग आपल्या दुकानापाशी. आम्ही रिक्षातच बसलो. आतून नाव घालायच्या मशीनचा घर्रघर्र आवाज आला. लग्नामुंजीच्या, वास्तुशांतीच्या भांड्यांवर नाव घालावं तर साडूंनीच, असं त्यांच्या अक्षराचं नाव आहे. अर्ध्या जिल्ह्याची नावं त्यांच्या हातून ताटांवर उमटली असतील. त्यांच्या घरातल्या भांड्यांवर मात्र वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, ह्यांचं नाव, फार तर देणाऱ्या पाहुण्यांचं.

घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून दोन ताटं काढली. सारखी, बसकी, लहान. एक कोरं होतं. दुसऱ्याच्या काठावर अक्काचं नाव, नुसतं 'शिवकांता' असं घातलं होतं. मागं पुढं काही नाही, सौभाग्यवती नाही, सप्रेम भेट नाही. त्या मोत्यासारख्या अक्षराची पार दैना झाली होती. वेलांटी भलतीकडे गेली होती, काना वाकडा पडला होता. अक्कानं ते वाचलं आणि ती लाजून माझ्या बायकोमागं गेली. "हे काय आनलंय? मी तुमच्या बराबर बसून जेवू? लोक काय म्हंतील?"

"बस गं," साडू म्हणाले. "एकट्याला भ्या वाटतंय मला."

त्या रात्री एक एक भाकरी, मेथीची भाजी आणि दही होतं. कुणी बोटानं रेघ ओढली नाही.

आता ह्याला काही महिने झाले. गोळ्या चालू आहेत, साखर कधी खाली येते, कधी उसळी मारते. साडू गच्चीवर फिरतात तेव्हा अक्काही मागोमाग फिरते. रोज संध्याकाळी ते तिला ओट्यावर बसवतात आणि उजेड असतानाही मोबाईलची बत्ती लावून तिच्या पायाचं एकेक बोट तपासतात. ती म्हणते, "पुरे की हो, गल्ली बघायलीय." ते बघतच राहतात. दोडक्यासाठी मला फोन येत नाही. भूकंपाचे पेले त्यांनी मध्यंतरी उतरवून विकायला काढले. म्हणाले, आता त्याच्याकडं ध्यान द्यायला सवड न्हाई.

परवा आम्ही गेलो होतो. दोघं समोरासमोर जेवत होती. साडूंचं आधी उरकलं. पूर्वी ते तोंडातला घास गिळायच्या आत हात धुवायला उठायचे. आता उठले नाहीत. अक्का हळूहळू जेवली, मग माहेरच्या सवयीनं ताटात पाणी ओतलं, अंगठ्यानं त्या वाकड्या नावावरून फिरवलं आणि पिऊन टाकलं. साडूंच्या हातावरची भाजी वाळून गेली होती.

"झालंय न्हवं तुमचं? मंग काय बसून राहिलाव?" तिनं विचारलं.

"उगंच," ते म्हणाले. "तुझं होऊ दे."