व्हिडिओत मी सरळ चालते

माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी चोरून बघायला नको. लहानपणी मला कुणी चिडवलं की दादा त्याला बदडून यायचा. पुढे त्याने बदडणं सोडलं आणि बूट शिवायला शिकला. माझा पहिला जोड इतका जड झाला होता की पायात घालण्यापेक्षा कुणाच्या डोक्यात घालायला बरा. पण हात बसत गेला. दादाच्या दुकानात दोन बूट कधीच सारखे नसतात. एकाची टाच उंच, एकाची बुटकी. ज्याचा जसा पाय.

हल्ली मात्र दुकानात माशा मारायची वेळ आली होती. लोक मोबाइलवरून तयार बूट मागवतात, आत रबराचा तुकडा कोंबतात आणि कंबर धरून बसतात. सांगायचं कुणाला? दूरच्या एका बूट कारखान्यातून दादाला बोलावणं होतं, मशीनवर तळ चिकटवायचं काम. "या महिन्यात गिऱ्हाईक आलं नाही, तर कुलूप लावतो," तो वहिनीला म्हणाला. दादा बोलला की करतो. तो गेला तर माझ्या पायांना बूट कोण करणार, हे कुणी बोललं नाही. मला विचारायची भीती वाटत होती.

शेजारच्या फोटोवाल्याने सुचवलं, "जाहिरातीचा व्हिडिओ टाका. आता एआय करून देतं. आपण फक्त लिहायचं."

बुडत्याला काडीचा आधार. दादाने चष्मा पुसला आणि तीन अ‍ॅप उतरवून घेतली. पहिल्याने कारागिराच्या हाताला सहा बोटं काढली. दुसऱ्यात हातोडी बुटातून आरपार जायची. तिसरं देखणं होतं, चामड्याची चमकसुद्धा खरी वाटायची. पण तिघांची खोड एकच. दादा लिहायचा, "एका बुटाची टाच उंच." आणि दोन्ही टाचा सारख्या. "डावी टाच उजवीपेक्षा उंच." पुन्हा सारख्या. त्या बिचाऱ्या मशीनला वाटायचं, म्हाताऱ्याची चूक झालीय, आपण दुरुस्त करून देऊ.

शेवटी त्याने माझा चालतानाचा व्हिडिओ काढून तिसऱ्या अ‍ॅपला दिला. पडद्यावर मीच होते. माझाच चेहरा, माझीच साडी. आणि मी सरळ चालत होते, न झुकता, तरातरा.

दादा ते परत परत बघत राहिला. डोळे भरले होते त्याचे. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं हा माणूस माझे पाय मांडीवर घेऊन माप काढत होता, आणि याच्या मनात हे होतं.

"ही मी नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे गं. लोक आधी दुकानात तर येऊ देत. आले की समजावून सांगू."

"खोटं आहे ते, दादा."

"मग खरं कोण बघतंय?" तो म्हणाला. त्याने तेच अ‍ॅप पक्कं केलं आणि व्हिडिओ टाकला.

फोन वाजायला लागले. वहिनीने खुर्च्या पुसल्या. पहिल्याच सकाळी एक आई आपल्या लग्नाच्या मुलीला घेऊन लांबून आली. मुलीचाही पाय माझ्यासारखाच. आईने मोबाइल पुढे धरला. "असंच चालता येईल ना हिला? परवा पाहुणे बघायला येणारेत."

दादाने चष्मा काढला आणि पुसत बसला. मुलगी त्याच्याकडे आशेने बघत होती. मग मी गल्ल्यामागून उठले आणि त्यांच्यासमोर दारापर्यंत चालत गेले. नेहमीसारखी, थोडी डावीकडे झुकत.

"व्हिडिओतली ती मीच," मी म्हटलं. "बूट याच्याच हातचे आहेत. कंबर दुखत नाही, तोल जात नाही. पण चाल ही अशीच राहते."

आईने मोबाइल पिशवीत टाकला. "लोकांच्या पोरींशी खेळता काय?" एवढं बोलून ती मुलीला दंडाला धरून घेऊन गेली. मुलीने वळून माझ्या बुटांकडे बघितलं. तिला ते हवे होते, मला दिसलं ते. पण आई थांबली नाही.

दादाने व्हिडिओ काढून टाकला. फोन करणाऱ्या प्रत्येकाला तीच सरळ चाल हवी होती. त्याच दुपारी कारखान्याला फोन करून येतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "माझं चुकलं. गप्प बसायला हवं होतं." तो म्हणाला, "तू चाललीस ते बरं केलंस. मला सांगायला जमलं नसतं."

मग त्याने फळीवरून माझ्या पायांचे लाकडी साचे उतरवले आणि उरलेलं सगळं चामडं टेबलावर पसरलं. एक जोड बेतला. मग दुसरा, मग तिसरा.

"अरे, एवढे कशाला?" मी विचारलं.

"तुला पुरायला हवेत," खाली मान घालून दादा म्हणाला, आणि चौथा बेतायला घेतला.