गारठ्यात वाजणारी बंदूक

रेंजवर नेमबाजाला तोंड बंद ठेवावं लागतं. त्यामुळे चहाच्या टपरीवर आलो की सगळं एकदम सुटतं! दोन हजार सालानंतर वळ गावातल्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये आमचा एअरगन क्लब सुरू झाला, तेव्हापासून साठलेलं असं बरंच आहे.

* * *

क्लबकडे स्पर्धेची मॅच रायफल एकच. ती माझ्या मैत्रिणीच्या, संगीताच्या हातात असली की मी जुनी स्प्रिंगची बंदूक घ्यायचे. ती संगीताच्या वडिलांची, खारबावच्या दशरथकाकांची.

जानेवारीतली पहाट. हलका छर्रा भरला, चाप ओढला आणि कडाड्! शेजारच्या कापडाच्या लूमवरची नाईट शिफ्ट धावत बाहेर. "गोली चली! गोली चली!"

* * *

दुपारी हवालदार आले. "रायफल कुठं लपवलीय?"

आमच्या कोच वझे मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. त्यांनी तीच बंदूक, तोच छर्रा घेऊन मला शॉट मारायला लावला. आवाज आला नुसता फट्!

"छर्रा आवाजाच्या पुढे गेला की कडाड् होतं," मॅडम म्हणाल्या. "गारठ्यात आवाजाचा वेग कमी, म्हणून छर्रा पुढे जातो. आता छपराचा पत्रा तापलाय. हवा गरम, आवाजाचा वेग जास्त, छर्रा मागे!"

हवालदार पत्र्याकडे बघत राहिले. "मॅडम, हे साहेबांना मी सांगू? मला घरी बसवतील!"

* * *

साहेब दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः आले. क्लबला टाळं लागणार म्हणून आम्ही रडवेल्या. मॅडमनी सरळ बंदूक त्यांच्याच हातात दिली.

कडाड्! साहेब दचकले. मग हसले आणि हात पुढे केला. "अजून एक छर्रा द्या."

टाळं लावायचं राहूनच गेलं. पुढे त्यांची मुलगीच क्लबात आली!

* * *

दशरथकाकांनी हे अंबाडी गावच्या बाजारापर्यंत पोचवलं. "माजी बंदूक आवाजाला मांगं टाकते!"

कुणीतरी म्हणालं, "काका, फक्त थंडीत."

"मंग? तुजी उन्हात तरी टाकते काय?"

* * *

संगीताच्या आईला मात्र हे काही पटत नव्हतं. "पोरीच्या हातान बंदूक शोभत न्हाय," एवढंच म्हणायची. स्टेटच्या फायनलला काका तिला कसंबसं घेऊन आले.

एसी हॉल. चिडीचूप. शेवटचा शॉट बाकी, आणि संगीता अगदी थोडक्यात मागे. तिने रायफल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी मॅडमचा हात घट्ट धरलेला.

फट्! मधोमध! गोल्ड!

हॉल टाळ्यांनी दणाणला. काका खुर्चीवर उभे राहून रडत होते. संगीता धावत आईकडे आली. "आई, बघितलंस?"

आईने आत्ता कुठे डोळे उघडले होते.

"न्हाय गो, मी डोले मिटलेले. परत मार!"